उतार

गुरुवारी दुपारी मी चर्चमागची खोली उघडते,
हीटर लावते, नोंदवह्यांवरची चादर काढते.
जून ते सप्टेंबर कुणी ना कुणी येतंच
आजोबांचं नाव हातात धरून,
चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल धरावं तसं.

ती मोंटानाहून आली होती. ब्यूट, तांब्याच्या खाणींचं गाव.
मर्ना फोर्ड, वय एकाहत्तर, गुडघ्याला पट्टा.
पिशवीतून तिनं विमानतळावर घेतलेला मग काढला:
घराण्याचं चिन्ह, तीन सिंह, सोनेरी कड.
"हे आमचे," म्हणाली.
मी चहा दिला, त्याच मगात.
सिंहांबद्दल काही बोलले नाही.
लीट्रिममध्ये कुठले सिंह. इथे लव्हाळे, ओली गुरं,
आणि एका बांधावरून तीन पिढ्यांचा अबोला.

बावीस साली डब्लिनच्या आगीत
शिरगणतीच्या वह्या जळाल्या.
म्हणतात, कपटे मैलोगणती उडत गेले,
कुणाच्या अंगणात कुणाची पणजी.
आमच्याकडे उरलं ते एवढंच: बाप्तिस्मा, लग्न,
आणि थंडीनं आखडलेलं पाद्र्याचं अक्षर.

बोट फिरवत आम्ही एक्केचाळीसवर थांबलो. अठराशे एक्केचाळीस.
फेलिम. बाप ओवन, आई ब्रिजिड. आडनाव किन्नाव.
सत्तेचाळीसचं पान जवळजवळ कोरं.
पाद्री थकला असावा, किंवा लिहायला कुणी आणलंच नसेल.
फेलिम पुन्हा कुठेही नाही.
मग पन्नास. तोच ओवन, तीच ब्रिजिड,
मुलगा मालाकी. आडनाव फोर्ड.

"इथे चूक झालीय," ती म्हणाली.
"हो," म्हटलं. "ती चूक म्हणजे तुम्ही."

मग सांगितलं. जुन्या भाषेत ते मॅक कन्नावा.
मॅक म्हणजे लेक. कू म्हणजे शिकारी कुत्रा,
शिवी नव्हे, शूराला म्हणत तसं.
आणि उरलेलं, घशातल्या घशात विरणारं, म्हणजे पोहणं.
पोहणाऱ्या कुत्र्याचा लेक.
कुणी एक होता, फार पूर्वी,
ज्यानं गार पाण्यात उडी टाकली.
का टाकली, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

पुढे सारा ठरवणारा कारकून आला.
नाव? ओवननं सांगितलं.
म्हणजे काय? ओवननं हातांनी दाखवलं असेल,
असं, असं, पाण्यात.
कारकुनाला वाटलं, हा नदी ओलांडतोय.
त्यानं लिहिलं फोर्ड. म्हणजे उतार,
जिथून माणूस बूट हातात घेऊन चालत पलीकडे जातो.
पोहणाऱ्याचा असा पाणउतारा.
नाव बुडालं असं नाही म्हणता येणार.
नाव गुडघाभर पाण्यात उभं राहिलं,
पाद्र्यानंही मग तेच गिरवलं.

"म्हणजे राजे वगैरे..."
"नाही."
"आणि सिंह?"
"नाही हो."

संध्याकाळी तिला शॅननवर नेलं.
तिथे उतार कधी नव्हताच. पूल आहे,
पुलावर दोन पोरं आणि एक सायकल.
तिनं पट्टा सोडला, पँट दुमडली, पाण्यात उतरली.
"मला पोहता येत नाही," म्हणाली, माझ्याकडे न बघता.
"आमच्यात कुणालाच नाही. आजोबा खाणीत
पंपावर होते. आयुष्यभर पाणी बाहेर काढत राहिले."
मग आणखी एक पाऊल टाकलं.
पुढे खोल होतं. मी हाक मारली.
कुठल्या आडनावानं, ते आता आठवत नाही.

मग ती खोलीतच विसरून गेली.
पत्र टाकलं, उत्तर आलं: राहू दे तिथेच.
त्यात मी पेन्सिली ठेवते.
तळाशी बारीक अक्षरात छापलंय, कुठे बनवला ते.
तेवढी नोंद बरोबर असावी.